हॅलिफॅक्स सोडून गेलेला ॲडमिरल : लिओनार्ड मरे

पाणलोट :

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षांपासून मी कॅनडात हॅलिफॅक्सला राहते. उन्हाळ्यात भारतातून कुणी आलं की त्यांना धक्क्यावर नेऊन ‘सॅकव्हिल’ दाखवते. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांची राखण करणाऱ्या फ्लॉवर वर्गाच्या कॉर्व्हेट नौकांपैकी जगात उरलेली ही एकटीच. लांबी जेमतेम २०५ फूट. आत शिरताना डोकं सांभाळावं लागतं. खलाशांच्या राहण्याच्या जागेत जेवायच्या टेबलांच्या वरच कापडी झोळ्या टांगलेल्या आहेत. म्हणजे एकजण जेवतोय आणि त्याच्या डोक्यावर दुसरा झोपलाय, असा सगळा संसार. गेल्या जुलैत माझे सासरे आले होते. ते त्या टेबलाशी बाकावर पाच मिनिटं नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "एवढ्याशा पोरांना या असल्या बोटीतून पाठवणारा माणूस रात्री झोपत कसा असेल?"

त्या प्रश्नापायी मी रेअर ॲडमिरल लिओनार्ड वॉरन मरे यांच्याबद्दल वाचायला लागले. दोन्ही महायुद्धांत मिळून दोस्त राष्ट्रांची एखादी अख्खी युद्धआघाडी ज्याच्या हाताखाली होती असा कॅनडाचा हा एकमेव अधिकारी. हॅलिफॅक्समधल्या माझ्या ऑफिसात दहा जणांना विचारलं, त्यातल्या आठ जणांना नाव माहीत नव्हतं. ज्या दोघांना माहीत होतं त्यांनी एकच सांगितलं, "अरे, तो दंगलीचा ॲडमिरल ना?" हे मला फार लागलं, म्हणून हा धागा.

मरेंचा जन्म २२ जून १८९६ चा, नोव्हा स्कोशातल्या पिक्टू परगण्यातल्या ग्रँटनचा. म्हणजे याच प्रांतातला माणूस. कॅनडाचं नौदल स्थापन झालं ४ मे १९१० रोजी आणि जानेवारी १९११ मध्ये हॅलिफॅक्सला नौदलाचं कॉलेज निघालं. पहिल्या तुकडीत २१ मुलं होती. मरे त्यातलेच, वय वर्षं १४.

त्या तुकडीतल्या चार मुलांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं. ब्रिटिशांची ‘गुड होप’ ही क्रूझर हॅलिफॅक्सला आली आणि तिच्यावर चार कॅनेडियन मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, पाठवायचं ठरलं. कॅन, हॅथवे, पामर आणि सिल्व्हर हे चौघे निवडले गेले. मरे मागे राहिले. १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलच्या लढाईत ‘गुड होप’ बुडाली, तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही. कॅनडाच्या नौदलाचे युद्धात गेलेले हे पहिले चार जीव. ज्यांच्याबरोबर वर्गात बसलो, पंगतीला बसलो, ते चार मित्र एवढ्या तरुण वयात असे गेल्यावर माणसाच्या मनात आपल्या हाताखालच्या पोरांबद्दल काय तयार होत असेल? मरेंचं पुढचं सगळं वागणं मला इथून कळतं असं वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण तो मी सोडणार नाही.

दोन युद्धांच्या मधली वर्षं कॅनडाच्या नौदलासाठी उपासमारीची होती. १९२२ मध्ये पैसे नाहीत म्हणून कॉलेजच बंद केलं. मरे नौकानयनातले तज्ज्ञ झाले, ब्रिटिश जहाजांवर काम केलं, ‘सॅग्वेने’ या विनाशिकेचं कप्तानपद सांभाळलं. १९३९ ला युद्ध लागलं तेव्हा ते ओटावाच्या मुख्यालयात होते. कॅनडाकडे तेव्हा विनाशिका सहा आणि कायम नोकरीतली माणसं साधारण १,८००.

आणि काम काय? ब्रिटनला धान्य, तेल, लाकूड, दारूगोळा सगळा समुद्रातून पोचवायचा. पहिला मोठा काफिला हॅलिफॅक्सहून १६ सप्टेंबर १९३९ ला निघाला. पुढे जर्मन पाणबुड्या पश्चिमेकडे सरकत गेल्या, तेव्हा जून १९४१ मध्ये मरेंना न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात राखणदार नौकांच्या दलाचं प्रमुख करून पाठवलं. हाताशी होत्या मुख्यतः नव्या कॉर्व्हेट. १६ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३० किलोमीटर वेगाची ही नौका, आणि पाण्यावरून पळणारी जर्मन पाणबुडी तिच्याहून किंचित जास्तच वेगाची. नौकांवरचे बहुतेक खलाशी युद्धासाठी भरती झालेले, त्यातले कित्येक प्रेअरीच्या गव्हाच्या शेतातून आलेले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच गणवेश घालून.

सप्टेंबर १९४१ मधला ‘एससी ४२’ हा काफिला बघा. साठाहून अधिक जहाजं, सगळी मंद चालीची. राखणीला एक विनाशिका ‘स्कीना’ आणि तीन कॉर्व्हेट. ग्रीनलंडजवळ पाणबुड्यांची टोळी तुटून पडली. ‘चेंब्ली’ आणि ‘मूस जॉ’ या दोन कॉर्व्हेट सरावाच्या निमित्ताने समुद्रात होत्या, मरेंनी त्यांना मदतीला जाऊ दिलं. १० सप्टेंबरच्या रात्री त्या दोघींनी यू-५०१ पाणबुडी बुडवली. जर्मन कप्तान आपली पाणबुडी सोडून सरळ ‘मूस जॉ’च्या डेकवर उडी मारून आला! कॅनडाच्या नौदलाचा जर्मन पाणबुडीविरुद्धचा हा पहिला विजय. पण काफिल्यातली १६ जहाजं गेली, हेही त्याच हिशेबातलं.

डिसेंबर १९४१ मध्ये मरे रेअर ॲडमिरल झाले, सप्टेंबर १९४२ मध्ये हॅलिफॅक्सला अटलांटिक किनाऱ्याचे प्रमुख म्हणून आले, आणि ३० एप्रिल १९४३ पासून वायव्य अटलांटिकचे सरसेनापती. १९४४ च्या उन्हाळ्यात १६७ व्यापारी जहाजांचा, अख्ख्या युद्धातला सगळ्यात मोठा काफिला न्यूयॉर्कहून निघून अटलांटिक ओलांडून गेला. राखणीला कॅनडाची एक फ्रिगेट आणि सहा कॉर्व्हेट. एकही जहाज गमावलं नाही. या घटनेवर सिनेमे निघाले नाहीत, कारण घडलं काहीच नाही. मरेंचं काम हेच होतं, काही घडू न देणं.

मग आला मे १९४५. जर्मनीची शरणागती जाहीर झाली आणि ७ व ८ मे या दोन दिवसांत हॅलिफॅक्समध्ये दंगल उसळली. दारूची दुकानं फुटली, ट्राम जाळली, बॅरिंग्टन रस्त्यावरच्या काचा फुटल्या. ५६४ दुकानं-कचेऱ्यांचं नुकसान, त्यातल्या २०७ लुटल्या गेल्या, २,६२४ मोठ्या काचा फुटल्या. तीन माणसं मेली. दोषी ठरलं नौदल, आणि नौदल म्हणजे मरे. आठवड्याच्या आत त्यांना पदावरून दूर केलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉय केलॉक यांच्या चौकशी आयोगाने नौदलाच्या नेतृत्वावर ठपका ठेवला. मरेंनी निवृत्ती घेतली, देश सोडला, इंग्लंडला गेले. पन्नाशी ओलांडलेला माणूस कायदा शिकला, १९४९ मध्ये बॅरिस्टर झाला आणि सागरी खटले चालवू लागला. डर्बीशरमधल्या बक्स्टनला २५ नोव्हेंबर १९७१ रोजी गेला.

माझं म्हणणं असं की या माणसावर अन्याय झाला. इथल्या नौदलातल्या आणि इतिहासाच्या जाणकारांचं काय मत आहे?

गव्हाळ :

उत्तम लेख. कोरोनेलच्या चार मुलांबद्दल काहीच माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

जुना_नाविक :

पाणलोट ताई, मनापासून लिहिलं आहे आणि बहुतेक तपशील चोख आहे. तरी तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

मी आपल्या नौदलात २२ वर्षं काढली, शेवटची काही मुंबईत. जहाज बंदराला लागलं की खलाशांना किनाऱ्यावर सोडतात, त्याला आमच्यात लिबर्टी म्हणतात. एका परक्या बंदरात आमच्या जहाजाची पहिल्या रात्रीची लिबर्टी बिघडली. चार पोरांचं हॉटेलात भांडण झालं, खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टननी सगळ्यांना डेकवर उभं केलं, लिबर्टी रद्द. दीडशे माणसं तीन दिवस रेलिंगला टेकून ते शहर लांबून बघत होती. त्यात मीही होतो आणि माझा काही दोष नव्हता. खूप राग आला होता. आज विचाराल तर सांगतो, कॅप्टन बरोबर होते.

मरेंच्या बाबतीत ७ तारखेच्या रात्रीच ट्राम फुटली होती, दारूची दुकानं फुटली होती. ८ तारखेला सकाळी त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी नऊ हजारांहून जास्त माणसं पुन्हा शहरात सोडली. पहिली रात्र चूक म्हणून सोडून देऊ. दुसरा दिवस हा निर्णय होता. आणि निर्णय ज्याचा, जबाबदारी त्याची. आपल्याकडे कॅप्टन जहाजाबरोबर जबाबदार असतो, जहाजावरच्या शेवटच्या पोराच्या वागण्यालाही.

पाणलोट :

जुना_नाविक दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. त्या ८ तारखेबद्दल मलाही बरेच दिवस उत्तर सापडत नव्हतं. थोडं विस्ताराने लिहिते, कारण मूळ लेखात मी तो भाग भरभर उरकला.

युद्धाआधी हॅलिफॅक्सची वस्ती साधारण ६५,०००. युद्धात ती लाखाच्या वर गेली. एकेका खोलीत चार-चार जण, भाडी आकाशाला भिडलेली, सिनेमाला रांगा, हॉटेलात रांगा. गावकऱ्यांना नौदल नकोसं झालेलं आणि पोरांना गाव. पोरांनी गावाला ‘स्लॅकर्स’ असं नाव ठेवलं होतं, म्हणजे कामचुकारांचं गाव. दारू फक्त सरकारी दुकानात बाटलीबंद मिळायची, बसून प्यायला सार्वजनिक जागाच नव्हती.

आता विजयाचा दिवस. दारूची दुकानं बंद, हॉटेलं बंद, सिनेमा बंद. ज्या रात्री जगभर लोक रस्त्यावर नाचत होते त्या रात्री हजारो पोरं गावात उतरली आणि त्यांना एक कप चहा मिळायची सोय नव्हती. नौदलाच्या तळावरचं बीअरचं कँटीनही रात्री नऊला बंद झालं. तिथून गर्दी बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरिसन ग्राउंडवर आभाराची प्रार्थना आणि संचलन होतं. मरेंनी ते रद्द केलं नाही आणि सुट्टीही रद्द केली नाही. त्यांची भूमिका अशी होती की धुडगूस घालणारे मूठभर आहेत, गावातले नागरिकही त्यात आहेत, मग बाकीच्या हजारो निरपराध पोरांचा विजयाचा दिवस मी का हिरावून घेऊ? दुपारी ओलंड्सची ब्रूअरी, म्हणजे बीअरचा कारखाना, फुटली. संध्याकाळी मरे आणि महापौर ॲलन बटलर लाउडस्पीकर लावलेल्या गाडीतून गावभर फिरले, सणाचा दिवस संपला असं जाहीर केलं, रात्री आठपासून संचारबंदी लावली.

त्यांचा अंदाज चुकला, हे मी मान्य करते. पण माझा प्रश्न वेगळा आहे. दुकानं बंद ठेवायचा निर्णय त्यांचा नव्हता. लुटालुटीत गावकरीही होते, बाया-माणसं बूट-कपडे उचलून नेत होती. आणि सगळं माप एकट्या मरेंच्या पदरात पडलं.

आणखी एक. १६ एप्रिल १९४५ ला, म्हणजे विजयाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ‘एस्किमॉल्ट’ ही सुरुंगशोधक नौका हॅलिफॅक्सच्या अगदी तोंडाशी यू-१९० ने बुडवली. चार मिनिटांत गेली. गार पाण्यात पोरं तासन् तास तराफ्यांना धरून होती, किनारा जवळ असूनही कुणाला पत्ता नव्हता. ४४ मेले. ७ मे रोजी रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत त्या ४४ जणांना ओळखणारे किती असतील? हे लुटीचं समर्थन नाही. पण त्या रात्रीची हवा समजून घ्यायची तर हे माहीत हवं.

गोदीकाठ :

हॅलिफॅक्स म्हटलं की मला पहिल्यांदा तिथला ६ डिसेंबर १९१७ चा स्फोट आठवतो. ‘माँ ब्लां’ हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं आणि दोनेक हजार माणसं गेली. आम्ही मुळचे माझगावचे, त्यामुळे अशा बातम्या आमच्या घरी वेगळ्या वाचल्या जातात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’चा स्फोट झाला, तेव्हा माझी आजी आठ वर्षांची होती. ती सांगायची, दुपारी चार वाजून गेले होते, आधी खिडक्या हलल्या, मग कापसाच्या जळत्या गासड्या आभाळातून पडायला लागल्या.

हे इथे सांगायचं कारण, ‘फोर्ट स्टिकीन’ कॅनडात बांधलेलं होतं, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रुपर्टच्या गोदीत, १९४२ साली. पाणबुड्या जेवढी जहाजं बुडवत होत्या त्याहून जास्त बांधायची म्हणून तेव्हा कॅनडाने ‘फोर्ट’ नावाची जहाजं भराभर बांधली. चौदाशे टन स्फोटकं आणि कराचीत भरलेला कापूस एकाच जहाजात! पोटात असं पेट घेणारं सामान घेऊन धक्क्याला लागलं. आपल्या अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो यांच्यासाठी.

पाणलोट :

गोदीकाठ, अंगावर काटा आला. ‘फोर्ट स्टिकीन’ कॅनडाचं हे मला माहीत नव्हतं.

तुमच्यामुळे एक राहिलेली गोष्ट आठवली. दंगलीनंतर अडीच महिन्यांच्या आत, १८ जुलै १९४५ च्या संध्याकाळी, हॅलिफॅक्सजवळ बेडफर्डच्या दारूगोळा कोठारात आग लागली. जहाजांवरून उतरवलेला दारूगोळा तिथे खचाखच भरला होता. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही स्फोट होत राहिले, गावाचा उत्तर भाग रिकामा केला. १९१७ पाहिलेली माणसं पोरंबाळं घेऊन पळाली. आणि आगीत शिरले कोण? नौदलाचे स्वयंसेवक. मे महिन्यात ज्या गणवेशाला गावाने शिव्या घातल्या, त्याच गणवेशातली पोरं. १९१७ सारखा संहार टळला. मरे तेव्हा पदावर नव्हते.

प्राजक्ता_ठाणे :

लेख आणि प्रतिसाद दोन्ही वाचतेय. बायकांचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून विचारते. हॅलिफॅक्सच्या मुख्यालयात बायका काम करत होत्या ना?

पाणलोट :

हो प्राजक्ता, आणि ही माझी चूकच. १९४२ मध्ये कॅनडाच्या नौदलाची महिला शाखा निघाली, त्यातल्या मुलींना सगळे ‘रेन’ म्हणायचे. युद्ध संपेपर्यंत जवळजवळ सात हजार जणी भरती झाल्या. काफिले कुठे आहेत, पाणबुड्या कुठे दिसल्या, हे मोठ्या नकाशावर मांडून ठेवायचं काम त्या करत. न्यू ब्रन्सविकमध्ये कव्हरडेलला जर्मन पाणबुड्यांचे रेडिओ संदेश टिपणारं केंद्र होतं, तेही या मुलींनीच चालवलं. कानाला हेडफोन लावून रात्र रात्र बसायचं, एक खूण चुकली तर समुद्रात कुणाचा तरी जीव.

उंबरठा :

एक शंका. युद्धाच्या शेवटी कॅनडाचं नौदल जगात तिसरं होतं असं वाचलं होतं. खरं आहे का हे?

पाणलोट :

उंबरठा, कुठल्या निकषावर मोजता त्यावर आहे. जर्मनी, इटली, जपान बाद झाल्यावर जहाजांची संख्या धरली तर अमेरिका आणि ब्रिटननंतर कॅनडा असा हिशेब मांडतात. पण त्यात शेकडो लहान राखणदार नौका आल्या. एका बाजूला विमानवाहू जहाजं आणि दुसऱ्या बाजूला कॉर्व्हेट असा तराजू धरला तर त्या वाक्याचं वजन कमी होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की १,८०० माणसांचं नौदल सहा वर्षांत लाखाच्या घरात गेलं. त्यातले सुमारे दोन हजार परत आले नाहीत. एवढी वाढ एवढ्या घाईत झाली की प्रशिक्षण अपुरं पडलं, रडार जुनं राहिलं. १९४२ च्या डिसेंबरात ‘ओएनएस १५४’ काफिल्यातली १४ जहाजं गेली आणि ब्रिटिशांनी कॅनेडियन पथकं काही काळ मध्य अटलांटिकमधून काढून घेतली. मरेंवर तिकडूनही टीका झाली. पण त्या वेळी थांबून शिकवत बसायला माणूस आणि नौका होत्या कुठे? काफिला तर रोज निघत होता.

जुना_नाविक :

उंबरठा यांच्या प्रश्नाला जोडून एक भर घालतो. युद्धाच्या अखेरीस फ्लॉवर वर्गातल्या काही कॉर्व्हेट आपल्याकडे, तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या. ‘आसाम’, ‘सिंध’, ‘गोंडवन’ आणि ‘महरट्टा’ अशी त्यांची नावं होती. ‘महरट्टा’ म्हणजे ब्रिटिशांची मूळची ‘चारलॉक’. म्हणजे सॅकव्हिलची एक सख्खी बहीण आपलं नाव लावून फिरत होती.

आणि ताई, तुमचा ८ तारखेचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. गाव बंद ठेवण्याचा मुद्दा मला पटला. आम्हाला त्या परक्या बंदरात निदान जहाजावर गरम जेवण होतं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण दोष एकट्याचा नव्हता, हे लिहून ठेवतो.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या तळावरून सुरू झालेला नाविकांचा उठाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याची जात वेगळी, त्यात स्वातंत्र्याची मागणी होती. पण निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याची अपमानाची भाषा ही ठिणगी तिथेही होती. कॅनडातही १९४९ मध्ये तीन युद्धनौकांवर खलाशांनी कामावर यायला नकार दिला. त्याची चौकशी करणाऱ्या समितीचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल रोलो मेंग्वी. त्यांनी शिक्षेचा बडगा उगारायच्या ऐवजी पोरांना काय खायला मिळतं, अधिकारी त्यांच्याशी कसे बोलतात, हे तपासलं. ज्या वर्षी मरे तिकडे बॅरिस्टर झाले त्याच वर्षी.

पाणलोट :

दादा, हे मेंग्वी म्हणजेच सेंट जॉन्सला समुद्रावरून परतणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ‘क्रोज नेस्ट’ क्लब काढणारे. १९४२ च्या जानेवारीत सुरू झालेला तो क्लब अजून आहे. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. चढून जायला लाकडी जिना आहे, वर गेल्यावर भिंतभर जहाजांची बोधचिन्हं. आणि छतातून खाली उतरलेला एक पेरिस्कोप. त्यातून सेंट जॉन्सचं बंदर दिसतं. तो यू-१९० चा आहे, ‘एस्किमॉल्ट’ बुडवणाऱ्या त्याच पाणबुडीचा. दंगलीच्या आठवड्यातच ती शरण आली होती. मी त्याला डोळा लावला तेव्हा एक लहान मच्छीमार बोट खाडीतून आत येत होती. मी पटकन मागे सरले.

समिधा :

मरे आणि नौदलातलेच दुसरे अधिकारी जॉर्ज जोन्स यांच्या वैराबद्दल कुणी लिहिलं नाही. दोघे नोव्हा स्कोशाचे, दोघे त्याच काळातले, आणि जोन्स १९४४ पासून नौदलप्रमुख. मरेंना हटवलं तेव्हा त्या पदावर ओटावात जोन्स बसले होते. यात काहीच नव्हतं का?

पाणलोट :

समिधा, त्या दोघांचं पटत नव्हतं हे उघड होतं आणि दोघांभोवती आपापले अधिकारी जमले होते. मरेंच्या जागी हॅलिफॅक्सला तात्पुरते आले तेही जोन्सच. पण सूड म्हणून हटवलं असं लिहायला माझ्याकडे आधार नाही, म्हणून मी ते लेखात घेतलं नाही. जोन्स फेब्रुवारी १९४६ मध्ये पदावर असतानाच वारले.

दाभोळ_खाडी :

मी इथे कधी लिहीत नाही, नुसता वाचतो. आज राहवलं नाही.

आमचं गाव दाभोळजवळ. माझे आजोबा बोटीवर आगवाला होते. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश कंपनीच्या मालवाहू बोटीवर होते. आमच्याकडची पुष्कळ घरं अशी होती, सारंग, टिंडल, आगवाला, पिढ्यान् पिढ्या. गोव्याचे लोक भटारखान्यात, आमचे लोक इंजिनात. टॉर्पेडो लागला की इंजिनातला माणूस वर यायचाच नाही, असं आजोबा सांगायचे. म्हणून ते पाळी संपली तरी खाली झोपायचे नाहीत, थंडीत डेकवर चिमणीला पाठ लावून बसायचे. दाढीवर बर्फ जमायचा म्हणे. आम्ही लहान होतो, दाढीवर बर्फ म्हणजे काय ते कळायचं नाही, हसायचो.

त्यांच्या नोकरीच्या नोंदवहीत एका पानावर हॅलिफॅक्स असं लिहिलेलं आहे. ते नाव मला आजवर नुसतं नाव होतं. आज या धाग्यावर कळलं की तिथून निघताना त्यांच्या बोटीच्या आजूबाजूला कुठल्या नौका असतील आणि त्यांना पाठवणारा कोण होता.

आजोबा परत आले. त्यांचा धाकटा भाऊ परत आला नाही.

पाणलोट :

दाभोळ_खाडी, तुमचा प्रतिसाद मी सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे पॉइंट प्लेझंट पार्कात समुद्राकडे तोंड करून उभा केलेला एक उंच क्रूस आहे. समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना कबर मिळाली नाही अशा कॅनडाच्या तीन हजारांहून अधिक लोकांची नावं तिथे कोरलेली आहेत. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दरवर्षी अटलांटिकच्या लढाईचं स्मरण होतं, नौदलाची माणसं येतात, पाण्यात पुष्पचक्र सोडतात. तिथे तुमच्या आजोबांच्या भावाचं नाव असणार नाही, कारण ते कॅनडाचे नव्हते. पण त्याच काफिल्यांत ते होते. यंदा मी जाईन तेव्हा त्यांच्यासाठी एक फूल सोडेन. नाव कळवलंत तर नाव घेऊन सोडेन. इथे जाहीर लिहू नका, व्यक्तिगत निरोपातून कळवा.

जुना_नाविक :

दाभोळ_खाडी भाऊ, मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या नौदलातल्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं असलेलं स्मरणपुस्तक तिथे आहे. आपले बहुतेक लोक व्यापारी जहाजांवरचेच. नावांची स्पेलिंगं त्या काळच्या इंग्रज कारकुनांनी ऐकू येईल तशी लिहिलेली असतात, म्हणून बापाचं नाव आणि गाव दोन्ही घेऊन जा. एका नावावर अडू नका. सोबत हवी असेल तर सांगा, मी वाशीला राहतो.

दाभोळ_खाडी :

नाविक काका, येत्या शनिवारी चालेल का? अम्मी म्हणते जहाजाचं नाव नाही मिळालं तरी चालेल, तारीख मिळते का बघ. आजीने मरेपर्यंत दिराच्या नावाने फातिहा अंदाजाने दिली, कुठल्या महिन्यात द्यायची तेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

जुना_नाविक :

शनिवारी सकाळी दहाला मशीद बंदर स्टेशन, पूर्वेच्या बाजूला. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, पानं जुनी असतील.